उसनं नाक

९ ऑक्टोबर

चि. नकटीस अनेक आशीर्वाद.

"या पोरीपासून लपून कुणाला काही खाता येणार नाही," असं तुझे आजोबा एकदा म्हणाले होते. तू तेव्हा सहा-सात वर्षांची असशील. डॉक्टरांनी दादाचं गोड बंद केलं होतं. तो बाहेरून आला, तू दारातच त्याच्या शर्टाला नाक लावलंस आणि भरल्या घरात विचारलंस, "बाबा, दालचिनीचा केक एकट्यानेच खाल्लात?" दादाचा चेहरा मला अजून दिसतो. आजोबांचं ते वाक्य मात्र मी विसरले होते, ते हल्ली रोज आठवतंय. कारण सांगते, पण आधी दार लावून घे आणि जावईबापूंना इस्त्रीकडे पाठव. पत्र मोठ्याने वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

मला वास येत नाही.

द्राक्षतोडणीच्या दिवसांत सर्दी झाली. सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. कॉफी करपली की आता मला ती धुरावरून कळते. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, नाकाला खबरही नसते. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, किंवा येणारही नाही. एवढं सांगायला ते किती वर्षं शिकले असतील!

तुझे आतोबा गेले तेव्हा मोठ्या माणसांनी बसून ठरवलं होतं: तळघर माझ्याकडे, पण वर्षाची मिळवणी मी स्वतः करते आहे तोवरच. ज्या वर्षी मला जमणार नाही त्या वर्षी किल्ली भिंतीपलीकडे, भाऊजींकडे. धाकट्या दिराला थोरल्या भावजयीने किल्ली द्यायची यात तसं वावगं काही नाही. पण हा दीर तू पाहिला आहेस.

तू लाँड्रीवाली, वाईनला फक्त डाग म्हणून ओळखतेस, म्हणून सांगते. आमच्या दरीत तीन उतारांची द्राक्षं असतात. तिन्हींची वाईन वेगळ्या पिंपांत मुरते आणि हिवाळ्यात प्रत्येक घर आपल्या नाकाने ठरवतं, कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं. ती मिळवणी. मार्चमध्ये पाच जणांची समिती नावं झाकून चव घेते. जी वाईन पास होते तिच्या बाटलीवर दरीचं नाव लागतं. नापास झालेली वाईन कॅननी खानावळींना जाते आणि तिथे तिला नुसतं 'लाल' म्हणतात. आमची एकदाही 'लाल' झालेली नाही. आणि त्या पाचांत भाऊजी आहेत. नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि नाकही असं की पावसाळी हवेत शेजारच्या गावातलं स्वयंपाकघर सांगतील. आम्ही अकरा वर्षं बोलत नाही. अगदीच गरज पडली तर मी त्यांच्या कुत्र्याशी बोलते, ते ऐकतात.

तर नकटे, मला नाक उसनं दे. मी छोट्या बाटल्या पाठवीन. वास घे आणि जे वाटेल ते लिही. फोन करू नकोस. फोन भिंतीला लागून आहे आणि भिंत एका विटेची.

तुझी आत्या

१७ ऑक्टोबर

ति. आत्या,

दार लावून वाचलं. मोठ्याने वाचलं, पण दार लावून.

पहिल्यांदा मला वाटलं, रडावं. मग वाटलं, तुम्ही रडला नाहीत तर मी कोण? मग एक बाई मुलाच्या लग्नाचा सूट घेऊन आली, त्यावर ग्रेव्ही होती, आणि रडायचं राहून गेलं.

आत्या, माझं नाक कपड्यांवर चालतं हो. काल एक कोट आला. मी म्हटलं, "साहेब, सिगारेट सोडलीत वाटतं? छान." त्यांची बायको शेजारी उभी होती. तिला ते कधी ओढत होते हेच माहीत नव्हतं. असं माझं नाक, त्याने आजवर गिऱ्हाईकच तोडलंय. त्याच्यावर तुमचं तळघर टांगायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पण नाही म्हणणार नाही. लहानपणी सुट्टीत तुम्ही मला तळघरात नेऊन पिंपावर बसवायचात आणि आतोबांना सांगायचात, "हिला काही शिकवू नका, हिला नुसतं बसू द्या." मला आयुष्यात इतकं नुसतं बसू कुणी दिलेलं नाही.

अट एकच, मी पिणार नाही. यावर हे लगेच म्हणाले, "वाया घालवू नकोस. उरलेलं मी बघतो."

आणि एक विचारते. तिन्ही वाईन चांगल्या असतील तर मिसळता कशाला?

तुमची नकटी

२ डिसेंबर

चि. नकटीस,

तीन बाटल्या मोज्यांत गुंडाळून पाठवल्या आहेत. मोजे धुतलेले आहेत, तरी तुझा विश्वास नाही म्हणून नवे घेतले. दोरे दरीतल्या पिंपांना बांधतात तेच: लाल नदीकाठच्या उताराचा, पांढरा मधल्या टेकडीचा, निळा उत्तर उताराचा.

मिसळतो कशाला ते ऐक. वेशीवर मोठा फलक आहे. त्यावर लिहिलंय की एका राजाने तिन्ही उतारांची वाईन एका पेल्यात मागितली आणि दरी धन्य झाली. पर्यटक तिथे उभे राहून फोटो काढतात. माझ्या सासूबाई मात्र वेगळं सांगायच्या. गारांचं वर्ष होतं. तीन भाऊ, तीन उतार, आणि कुणाचंच पिंप भरेना. अर्धं पिंप ठेवलं तर हवा लागून वाईन बिघडते. तिघांनी मिळून एक पिंप भरायचं हे उघड होतं, पण पहिला कोण ओतणार? पहिला ओतेल तो हरला. असे तिघे आठवडाभर आपापल्या अर्ध्या पिंपावर बसून राहिले. शेवटी त्यांची आई उठली, तिन्ही ओतली एकात आणि म्हणाली, "आता ओळखा आपापली." कुणालाच ओळखता आली नाही. तीच ही नामांकित मिळवणी. फलकावर आई लिहिली तर कोण फोटो काढणार, म्हणून राजा.

पुढे मुळं खाणारी कीड आली आणि सगळी दरी उघडी पडली. लोकांनी डोळ्यांत पाणी आणून वेल उपटले, परक्या मुळांवर आपल्या काड्यांचं कलम केलं. आजचे सगळे वेल तसे आहेत, खाली परके, वर आपले. मी या घरात लग्न करून आले तेव्हा सासऱ्यांनी मला ते दाखवून म्हटलं होतं, "सुनेचं असंच असतं, काळजी करू नकोस." मला ते तेव्हा गोड वाटलं. आता वाटतं, परकं खाली आणि भार त्याच्यावर.

भाऊजींचं नि माझं बिनसलं ते याच मिळवणीवरून. हे गेल्यावर भाऊजी म्हणाले, आता निळ्या उताराची वाईन वेगळी विकू, बाहेर तशी फॅशन आहे. मी म्हटलं, एका आईने जोडलेलं मी तोडणार नाही. ते म्हणाले, "तुम्हाला काय कळतं?" त्यावर मी जे म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

लवकर लिही.

आत्या

१४ डिसेंबर

ति. आत्या,

लाल दोरा: पाहुण्यांसाठी ठेवलेली जाड पांघरुणं, उन्हातून नुकती आत आणलेली. त्यांत कुणीतरी पिकलेलं फळ विसरलंय.

पांढरा दोरा: वकिलाचा कोट. वरून अत्तर, आत लवंग, आणि अस्तराला थोडी भीती.

निळा दोरा: ओला दगड. पाऊस पडून गेल्यावर आमच्या मागच्या पायरीला येतो तसा. नंतर लांबून कच्चं सफरचंद. हा वास मला आवडला. तो कुणाची खुशामत करत नाही.

हे असलं चालतं का? यांनी उरलेल्या तिन्ही बाटल्या संपवून जाहीर केलं की तिन्ही सारख्याच आहेत. त्यांना मिळवणीचा आत्मा कळलाय असं त्यांचं म्हणणं.

एक अडचण आहे. बाटलीला नाक लावलं की मला गरगरतं, तिसऱ्या बाटलीपर्यंत नाकी नऊ येतात. पुढच्या वेळी मी पांढऱ्या सुती कापडावर थेंब टाकून, वाळवून वास घेईन. वीस वर्षं मी कापडच वाचत आलेय, त्यावर माझी चूक होत नाही.

नकटी

६ जानेवारी

लाँड्रीवाल्या भाचीस,

मी तुझ्या आत्याचा दीर. तुझ्या लग्नात तू माझ्या कोटाजवळ येऊन "काका, कुत्रा कारमध्ये मागे बसतो की पुढे?" विचारलं होतंस. तेव्हापासून मी तुला ओळखून आहे.

मुद्द्यावर येतो. वहिनींना वास येत नाही.

हे मला कुणी सांगितलेलं नाही. दरवर्षी तोडणीनंतर मी शेणखताचा ढीग त्यांच्या खिडकीखाली लावतो. जागा दुसरीकडेही आहे, पण मी तिथेच लावतो. त्या दुसऱ्या दिवशी दारात येतात आणि माझ्या कुत्र्याला अर्धा तास बोलतात. या वर्षी ढीग लावला. त्या आल्या नाहीत. मी ढीग वाढवला. तरी आल्या नाहीत. मी तो भिजवला सुद्धा. एका सकाळी त्यांनी खिडकी उघडली, माझ्या ढिगावर मान काढून हवा घेतली आणि गाणं म्हणत आत गेल्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

मोज्यांची पार्सलं तुझ्या नावाने जातात, हे पोस्टमास्तर मी न विचारताच सांगतो. बाकी मी जुळवलं.

तुला करायचं ते कर. फक्त या वर्षी निळं जास्त घालायला सांग. पाऊस लांबला, नदीकाठचं फुगलंय, निळ्याशिवाय ते उभं राहणार नाही. माझं नाव घेऊ नकोस. माझं म्हणून कळलं तर त्या मुद्दाम उलट करतील.

काका

११ जानेवारी

ति. काकांस सा. न.

पत्र पोचलं. आत्याच्या नाकाबद्दल तुम्ही काय म्हणताय ते मला समजलं नाही. आत्याचं नाक ठणठणीत आहे. मोज्यांचं म्हणाल तर त्यांना मोजे आवडतात.

दुसरं, समजा एखाद्याने आपलं नाक उसनं दिलं असेल, तर त्याने फक्त नाक दिलंय, तोंड दिलेलं नाही. या कानाचं त्या कानाला मला जमणार नाही. इथे गिऱ्हाइकांच्या खिशांत जे सापडतं ते मी तसंच घडी घालून परत देते, वाचत नाही.

कुत्रा पुढे बसतो, हे मला कोटाच्या वासावरून तेव्हाच कळलं होतं, लग्नामुळे सांगितलं नव्हतं.

तुमची
भाची

२ फेब्रुवारी

ति. आत्या,

हे पत्र लिहायला हात उठत नाही. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या खेपेचं मी नीट केलं. तीन पांढरी कापडं घेतली, तीन थेंब टाकले, वाळवले. लाल छान. पांढऱ्यातली भीती गेलीय, वकील आता केस जिंकलाय.

निळं व्हिनेगर झालंय.

मी कापड धुतलं, परत थेंब टाकला, परत तेच. झोंबणारं, स्वच्छ व्हिनेगर. शंकेला जागा नाही. यांनाही कापड दिलं. हे म्हणाले, "सॅलड आहे का?"

तुम्ही मागे म्हणाला होतात की एक पिंप आंबलं की शेजारचीही आंबायला लागतात. तेव्हा काय करायचं ते तुम्हाला माहीत. आणि आत्या, कुणी तुम्हाला या वर्षी निळं जास्त घाला असं सुचवलं, तर त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. कोण ते विचारू नका. मी काही बोलले नाही. पण माणसं इतकी खालच्या थराला जातात हे मला लाँड्रीत सुद्धा दिसलं नव्हतं.

नकटी

७ फेब्रुवारी

आत्या, ओतू नका!

निळं ओतू नका! फोन करतेय, तुम्ही उचलत नाही. भिंत गेली खड्ड्यात, फोन उचला!

आज एका गिऱ्हाइकाचा टेबलक्लॉथ आला. त्यावर वाईन होती. मी बोलत होते तिच्याशी, तिच्या मुलीच्या परीक्षेबद्दल, आणि बोलता बोलता माझा हात आपोआप फळीवर गेला, पांढऱ्या व्हिनेगरची बाटली आली, दोन थेंब डागावर पडले, बाटली परत फळीवर गेली. मी बघतेय नि हात त्याचं त्याचं काम करतोय. वीस वर्षं पांढऱ्या कापडावर वाईन दिसली की हा हात हेच करत आलाय!

आत्या, तुमच्या निळ्यावर व्हिनेगर मी टाकलंय. दोन्ही वेळा. लाल आणि पांढऱ्या दोऱ्याच्या वेळी माझ्या हातात फोन होता, म्हणून ते वाचले.

काकांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते देवाला माहीत. निळं ओला दगडच असणार. ओतू नका.

न.

८ फेब्रुवारी

चि. नकटीस,

तुझं २ तारखेचं पत्र काल दुपारी आलं. आज हे लिहायला बसले तोच तुझं दुसरं तातडीच्या टपालाने आलं. दोन्हींच्या मध्ये जे घडलं ते सांगते. बस.

तू म्हणशील, चव का घेतली नाही? घेतली. पण नाकाशिवाय जीभ म्हणजे डोळ्यांशिवाय चष्मा. निळं मुळातच आंबट. आंबट लागलं, मला काय कळणार? तळघरात बिघडलेलं पिंप रात्रभर ठेवायचं नसतं, हे मी या घरात पहिल्या वर्षी शिकले. मी बाही वर केली, बूच काढलं आणि निळं नालीत सोडलं. ती नाली भिंतीखालून भाऊजींच्या कोबीत जाते. ते माझ्या लक्षात होतं. खोटं कशाला सांगू, कोबीला व्हिनेगर मिळेल याचं थोडं समाधानही होतं.

निम्मं गेलं असेल, तोच वरून आरडाओरडा. मी जिन्यावर चढून पाहिलं. माणूस फाटकातून येतो. भाऊजी भिंतीवरून आले. सत्तरीला टेकलेत. पँट विटेला अडकली, कुत्रा खालून भुंकतोय, आणि ते वरूनच ओरडतायत, "वहिनी! वहिनी, वेड लागलं का?"

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य. मी कुत्र्याकडे बघून म्हटलं, "सांग तुझ्या मालकाला, आपल्या घरात बघा."

"कुत्र्याला ठेवा बाजूला! काय ओतताय?"

"व्हिनेगर."

"हे? हे व्हिनेगर?" ते जिन्यावरून घसरतच खाली आले आणि त्यांनी सरळ पिंपाच्या भोकावर तळहात दाबला. "बूच कुठंय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"वहिनी, माझा हात बूच नाही! बूच द्या!"

मी बूच शोधते तर सापडेना. माझ्याच एप्रनच्या खिशात होतं, ते नंतर कळलं. तोवर ते पिंपाला मिठी मारल्यासारखे उभे. दोन्ही बाह्यांतून वाईन गळत होती.

"वास घ्या," ते म्हणाले. "घ्या ना वास! दहा वर्षांत असं निळं झालेलं नाही आणि तुम्ही माझ्या कोबीला पाजताय!"

मी पिंपावर वाकले.

"घेतलात?"

"घेतला."

"मग?"

मग माझ्याने राहवेना. म्हटलं, "भाऊजी, मला वास येत नाही. तोडणीपासून येत नाही. झालं समाधान? घ्या किल्ली."

त्यांनी मान खाली घातली आणि पिंपालाच म्हणाले, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"खतापासून."

मी ढीग पाहिला होता गं. पण वास येत नसला की खताचा ढीग म्हणजे नुसता ढीग. त्याच्याशी काय भांडणार?

मग बूच सापडलं. पिंप वाचलं, निम्मं. ते पायरीवर बसले, मी वरच्या पायरीवर. कुत्रा मध्ये. त्यांनी बाह्या पिळल्या. मग ते म्हणाले, "किल्ली मी अशी घेणार नाही. उरलेल्याची मिळवणी तुम्ही करा. मार्चला पाच जण चाखतील. पास झाली तर मी आज कोबीला पाणी घालत होतो, काही पाहिलं नाही. नापास झाली तर किल्ली माझी."

"आणि पाचांत तुम्ही."

"पेल्यांवर नावं नसतात."

"तुम्हाला नाव लागतं का?"

"नाही लागत," ते म्हणाले. "म्हणून मी जे असेल तेच सांगेन. आधीच सांगून ठेवतो."

तर असं. तू रडत बसू नकोस. हाताची सवय म्हणजे काय हे मला कळतं. हे गेल्यावर दोन वर्षं मी कॉफी दोन पेले करत होते. कापडं पाठवत राहा, फक्त मागे बांधून घे तो हात. निळं निम्मंच उरलंय, ते पुरवायचं आहे.

आत्या

१६ मार्च

लाँड्रीवाल्या भाचीस,

निकाल तुला वहिनी सांगणार नाहीत, त्या सध्या माझ्याशी भांडतायत आणि त्यांना वेळ नाही. म्हणून मी कळवतो.

तुमची वाईन पास झाली. तीन विरुद्ध दोन.

दोघांतला एक मी. चौथा पेला हातात घेतला तेव्हाच मी ओळखलं. वर पांघरुणं, मध्ये वकील (तुझी पत्रं वहिनींनी मला वाचून दाखवली, तू भयंकर बाई आहेस), आणि खाली दगड हवा तिथे दगड कमी. पाठीचा कणा नाही. पाच वर्षांत बसकण मारेल. मी 'नाही' लिहिलं. लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं, पण लिहिलं. बाकी तिघांना मऊ लागलं, आवडलं. लोकांना हल्ली मऊ आवडतं.

निकाल वाचून दाखवल्यावर वहिनी भर सभेत उठून म्हणाल्या, "आमच्या घरातलाच एक शत्रू आहे, तो कुठला ते मला माहीत आहे." मी टोपी घातली आणि निघालो. बाहेर त्यांनी मला गाठलं. "बघून घेईन तुम्हाला!" असं मलाच म्हणाल्या, कुत्र्याला नाही. कुत्रा बिचारा दोघांकडे बघत होता, त्याची नोकरी गेली.

किल्ली त्यांच्याकडे आहे. ठरल्याप्रमाणे मी कोबीला पाणी घालत होतो.

काका

१९ मार्च

ति. आत्या,

काकांचं पत्र आलं. मी इतकी ओरडले की प्रेसवरची वाफ सुटली असं गिऱ्हाइकांना वाटलं. हे म्हणाले, उरलेल्या बाटल्या आता बंद होणार का? त्यांच्या मते मिळवणीत त्यांचाही वाटा आहे.

आत्या, एक बोलू? पुढच्या वर्षी मला विचारू नका. नाक माझं आहे, पण ते तुमच्यावर माया करतं. शेवटच्या खेपेच्या मिळवणीत निळं कमी पडतंय हे मला कापडावर कळलं होतं. कडेची रेघ फिकट होती. पण तुम्ही किती दमल्या असाल असं वाटलं आणि मी लिहिलं, "छान आहे." गिऱ्हाइकाला मी असं कधी सांगितलं नसतं. डाग गेला नाही तर गेला नाही म्हणते.

नकटी

२३ मार्च

भाऊजी,

तुम्ही भिंतीपलीकडे आहात आणि मी हे तिकीट लावून पोस्टात टाकते आहे. पोस्टमास्तर तुमच्या आधी वाचेल. वाचू दे. समोर उभी राहिले तर आपण दोन वाक्यांत नालीवर आणि तिसऱ्यात कोबीवर येऊ, आणि मला जे म्हणायचंय ते राहून जाईल.

तुमच्या 'नाही'चा मला राग आला. अजून आहे. भर सभेत मी जे बोलले ते मागे घेत नाही. पण रात्री बसून मी एक पेला ओतला. वास नाही, चव अर्धी, तरी जिभेच्या मागे जिथे काहीतरी अडवायला हवं होतं तिथे काहीच अडवलं नाही, सरळ खाली गेलं. तुमचं बरोबर होतं. कणा नाही.

तिघांनी 'हो' म्हटलं, ते भल्या मनाने. नकटीने 'छान आहे' लिहिलं, ते मायेने. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू, ते दयेने. माझ्याभोवती सगळे इतके चांगले वागायला लागलेत की मला भीती वाटते. असंच चाललं तर पाच वर्षांनी या तळघराची वाईन गोड बोलणाऱ्या माणसासारखी होईल, आणि मला ते कळणारही नाही. सबंध दरीत एकाच माणसाने माझ्या वाईनला तोंडावर नाही म्हटलं, आणि तेही स्वतःच्या फायद्यासाठी नाही. उलट गप्प बसून 'हो' म्हटलं असतं तर त्याला मी थोडं कमी बोलले असते. आणि 'नाही' जिंकलं असतं तर किल्ली मिळाली असती, असं म्हणणारे आहेत. मी त्यांतली नाही. किल्लीसाठी 'नाही' लिहिणारा पेन दोनदा खाली ठेवत नाही, आणि ते पत्रात कळवतही नाही. हो, नकटीने तुमचं पत्र मला पाठवलं. तिला तोंड नाही म्हणते, पण पाकिटं आहेत.

म्हणून विचारते. येत्या हिवाळ्यात मिळवणीच्या टेबलाशी माझ्या शेजारी बसाल का? वास तुम्ही घ्यायचा, ठरवायचं मी. तुम्ही म्हणाल निळं जास्त, मी म्हणेन कमी, आणि शेवटी मी म्हणेन तेवढंच ओतलं जाईल. निळ्या उताराची वेगळी बाटली निघणार नाही, तो विषय काढायचा नाही. बाटलीवर तुमचं नाव येणार नाही. ती वाईन समितीपुढे येईल तेव्हा तुम्हाला खुर्ची सोडून बाहेर बसावं लागेल, आणि ती खुर्ची तुम्हाला किती प्रिय आहे ते मला माहीत आहे. मोबदला काही नाही. कॉफी देईन, ती करपलेली असेल, आणि तसं तुम्ही मला सांगायचं.

यातलं एकही कलम तुमच्यासारखा माणूस मान्य करणार नाही. मी तुमच्या जागी असते तर हे पत्र कुत्र्याला वाचून दाखवलं असतं आणि फाडलं असतं. तुम्ही नाही म्हणणार हे धरूनच मी लिहिते आहे.

तरी एकदा या. भिंतीवरून नको, फाटकातून या. आणि नाही म्हणायचं असेल तर ते तळघरात, पिंपांसमोर उभं राहून म्हणा.

वहिनी